गल्ल्याच्या संगणकाची किल्ली



गोंदियाच्या बाजारात आता गल्ल्यावर संगणक नाही असे मोठे दुकान शोधावे लागेल. कापड, किराणा, औषधे, हार्डवेअर, मोबाइल, सगळीकडे बिल संगणकातून निघते. दुकान थोडे वाढले, एकाचे तीन नोकर झाले, की मालकापुढे एक प्रश्न उभा राहतो. पासवर्ड सगळ्यांना द्यायचा की कुणालाच नाही? बिल करू द्यायचे, पण केलेले बिल रद्द करू द्यायचे का? दर बदलू द्यायचा का? दिवसभराची एकूण विक्री नोकराला दिसावी का?

वरवर पाहता हे संगणक बसवून देणाऱ्या माणसाला विचारायचे प्रश्न. पण ज्या दिवशी मालक संगणकावर बंधने घालतो त्या दिवशी नोकराच्या मनात येते, "सेठचा माझ्यावर विश्वास नाही." मालकालाही आतून टोचते. इतकी वर्षे हा पोरगा आपल्याकडे आहे, घरच्या लग्नात त्याने पंगती वाढल्या, आणि आता त्याच्या तोंडावर कुलूप लावायचे? आपल्या धर्मग्रामात दुकानांचे मालक आहेत, तशी दहा-दहा तास उभ्याने काम करणारी मुले-मुलीही आहेत. रविवारच्या मिस्साला दोघे एकाच बाकावर बसतात. तेव्हा हा प्रश्न संगणकवाल्यावर सोडून चालणार नाही.

आधी हे कुलूप कसे असते ते समजून घेऊ, कारण पुष्कळ गैरसमज तिथूनच सुरू होतात. संगणकात माणसांच्या नावाची खाती उघडता येतात. एक खाते सर्वाधिकाराचे. त्यातून नवे प्रोग्राम टाकता येतात, तारीख बदलता येते, हिशेबाची फाइल पुसताही येते. दुसरे खाते साधे. त्यातून नेमून दिलेले काम तेवढे होते. बिलाच्या प्रोग्राममध्ये पुन्हा अशाच पायऱ्या असतात. दुकानदारांना ठाऊक असलेली टॅली घ्या. बेंगळुरूच्या गोयंका पितापुत्रांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या या प्रोग्राममध्ये ‘ओनर’ आणि ‘डेटा एंट्री’ असे दोन दर्जे तयारच मिळतात. नोकराने बिल करावे, पैसे घ्यावेत, पावती द्यावी. ठरल्यापेक्षा जास्त सवलत देणे, झालेले बिल रद्द करणे, परत आलेल्या मालाचे पैसे देणे, मागची तारीख टाकून नोंद करणे, विक्री नसताना गल्ला उघडणे, एवढ्यासाठी वरच्या माणसाचा पासवर्ड लागावा अशी सोय करता येते. गल्ल्याचा खण बहुधा पावती छापणाऱ्या प्रिंटरला वायरने जोडलेला असतो. पावती निघाली की तो आपोआप उघडतो. बिलाशिवाय उघडायचा तर वेगळी आज्ञा द्यावी लागते आणि चांगल्या प्रोग्राममध्ये तिची नोंद राहते.

नेमकी हीच कामे का निवडली? नोट उचलून खिशात घालणे चारचौघांना दिसते. पैसा जातो तो न दिसणाऱ्या वाटेने. गिऱ्हाईक माल घेऊन गेले की मागून बिल रद्द करायचे. संगणकाच्या लेखी विक्री झालीच नाही, आणि तेवढी रक्कम गल्ल्यात जास्तीची राहिली. परत न आलेला माल परत आला असे दाखवायचे. ओळखीच्याला भरमसाट सवलत द्यायची. कुलूप लावायचे ते या वाटांना.

आणखी एक पद्धत आहे, ती अनेकांना फार लागते. रात्री गल्ला मोजताना किती रक्कम निघायला हवी तो आकडा नोकराला दाखवायचा नाही. त्याने आपली मोजणी लिहायची, मग संगणकाने आपला आकडा सांगायचा. "मी काय चोर आहे?" असे नोकर विचारतो. पण आकडा आधी दिसला की मोजणाऱ्याचा हात नकळत त्या आकड्याकडे जातो. वीस रुपये जास्त निघाले तर ते बाजूला राहतात, उद्या कमी पडले तर घालायला. त्यात लबाडी नसतेही. पण गिऱ्हाइकाला आपण वीस रुपये कमी परत दिले होते, हे मग कायमचे झाकले जाते.

गंमत अशी की हे यंत्र जन्माला आले तेच संशयातून. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाचा एक गृहस्थ दारूचे दुकान चालवत असे. गिऱ्हाईक पुष्कळ, तरी हाती काही उरेना. पैसे घेणारे नोकर ते गल्ल्याऐवजी खिशात टाकत. १८७८ मध्ये युरोपला जाताना त्याने बोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र पाहिले. फेरे मोजता येतात तर विक्री का मोजता येऊ नये, असे त्याच्या मनात आले. भाऊ जॉन याच्या मदतीने त्याने यंत्र बनवले आणि १८७९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. १८८४ मध्ये जॉन पॅटरसन याने तो धंदा विकत घेऊन त्याला नॅशनल कॅश रजिस्टर हे नाव दिले, आणि खण उघडताच घंटा वाजवणारी ही यंत्रे जगभरच्या दुकानांत गेली.

रिटीने आपल्या यंत्राला दिलेले नाव मात्र विचार करायला लावणारे आहे. ‘इनकरप्टिबल कॅशियर’, म्हणजे कधीही भ्रष्ट न होणारा रोखपाल. जणू माणूस रोखपाल म्हटला की तो बिघडणारच! मला हे नाव पटत नाही. यंत्राला प्रामाणिक म्हणणे म्हणजे कुलपाला पतिव्रता म्हणण्यासारखे आहे. ज्याला चोरी करताच येत नाही त्याच्या चोरी न करण्याला सद्गुण म्हणत नाहीत. प्रामाणिकपणा माणसाचाच असतो, कारण अप्रामाणिक होण्याची वाट त्याला मोकळी असते.

इथूनच एक आक्षेप निघतो, आणि तो हलका नाही. वाटच बंद केली तर सद्गुणाला जागा कुठे उरली? सगळीकडे कुलपे लावून आपण माणसाला चांगले वागण्याची संधीच नाकारत नाही का? जुन्या दुकानांत मुनीमजी असत. कीर्द, खतावणी, तिजोरीची किल्ली, सगळे त्यांच्या हाती. सेठ महिना-महिना तीर्थयात्रेला जाई आणि परत आल्यावर वही न पाहता जेवायला बसे. त्या विश्वासाने मुनीम मोठा होई, असे जुनी माणसे सांगतात.

मला त्यात अर्धे सत्य दिसते. मुनीमजींवर विश्वास होता, पण त्या विश्वासाच्या भोवती न दिसणारी बरीच कुंपणे होती. त्यांचे घर त्याच गल्लीत, मुलीची सोयरीक त्याच समाजात. अफरातफर केली तर नोकरीबरोबर गाव सुटायचे. आज आमगाव, सालेकसा, तिरोड्याहून सकाळच्या गाडीने येणारा मुलगा सहा महिने एका दुकानात, पुढचे सहा महिने दुसऱ्यात. बालाघाटकडचे, छत्तीसगडकडचे गिऱ्हाईकही रोज नवे. जुने कुंपण गेले. त्याच्या जागी काहीच न लावता "माझा विश्वास आहे" म्हणणे हा मोठेपणा वाटतो खरा, पण पुष्कळदा तो निष्काळजीपणा असतो.

आणि दुसऱ्याच्या सद्गुणाची परीक्षा घेण्याचा अधिकार आपल्याला दिला कुणी? पश्चात्तापाच्या प्रार्थनेत पापाचे प्रसंग टाळण्याचा निश्चय आपण करतो तो स्वतःपुरता. दुसऱ्यापुढे तो प्रसंग मांडून ठेवणाऱ्याचे काय? लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये असे बजावले आहे. त्याच अध्यायात, त्याच्या अगदी जवळ, मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नये हेही सांगितले आहे. घरी आजारी मूल, हातात तुटपुंजा पगार, आणि समोर रात्रीपर्यंत कुणी न मोजणारा उघडा गल्ला; ही वाटेतली धोंडच आहे. ती तिथे राहू देणाऱ्याने मग अडखळणाऱ्याला चोर म्हणून पोलिसांत द्यावे, हे मला न्यायाचे वाटत नाही.

पण मालकांना इथेच थांबून समाधान मानता येणार नाही. तुटपुंजा पगार ही त्याच वाटेतली दुसरी धोंड आहे. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी रेरुम नोवारुम या परिपत्रकात सांगितले की मजुराने गरजेपोटी कमी मजुरी कबूल केली म्हणून ती न्याय्य ठरत नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात सातव्या आज्ञेखाली चोरीचे प्रकार दिले आहेत. व्यापारातली फसवणूक, खोटी बिले, हे आपल्याला अपेक्षित असते. पण त्याच परिच्छेदात अन्याय्य वेतन देणे हेही आहे. संगणकावर कुलूप लावणाऱ्या मालकाने हा परिच्छेद एकदा वाचावा. दोन चोऱ्या आहेत, आणि संगणक त्यांतली एकच पकडतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्याकडच्या दुकानांत खरा अन्याय कुलूप लावल्याने होतो असे मला वाटत नाही. एकच किल्ली सगळ्यांच्या हातात असते, तिथे तो होतो.

चित्र ओळखीचे आहे. संगणक सकाळी उघडला जातो तो मालकाच्या नावाने, आणि रात्रीपर्यंत तसाच उघडा राहतो. पासवर्ड म्हणजे मालकाच्या मुलाचे नाव किंवा गाडीचा नंबर, सगळ्यांना पाठ. दिवसभरात तिघे बिल करतात, मालकाचा भाचा येऊन बसतो, मालकीणबाई येतात. आता समजा, रात्री पंधराशे रुपये कमी निघाले. कुणी घेतले? संगणकाला विचारावे तर तो प्रत्येक नोंदीपुढे मालकाचेच नाव सांगतो. मग शोध यंत्रातून बाहेर येतो आणि माणसांच्या चेहऱ्यांवर सुरू होतो. भाच्याला कुणी विचारत नाही. जुन्या नोकराला विचारायला संकोच वाटतो. नजर जाते ती दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीकडे, जिची गावात कुणाशी ओळख नाही. तिच्या पगारातून पंधराशे कापले जातात, किंवा तिघांच्या पगारातून पाच-पाचशे. तीन माणसांतली निदान दोन तरी निर्दोष आहेत हे मालकालाही माहीत असते. तरी "सगळ्यांनी मिळून भरा" हा न्याय आपल्याकडे सर्रास चालतो, आणि त्याला कुणी पाप म्हणत नाही.

हा प्रकार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. गोंदिया-तिरोड्याच्या जुन्या विडी कामगारांना ‘छाट’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. घरातल्या बाईने दिवसभर विड्या वळायच्या, ठेकेदाराकडे न्यायच्या, आणि त्याने मूठभर विड्या बाजूला काढून म्हणायचे, या खराब. खराब ठरलेल्यांचे पैसे नाहीत. ठरवणारा तोच, मोजणारा तोच. देशभर ही तक्रार इतकी होती की १९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांचा कायदा केला तेव्हा नापास केलेल्या विड्यांवरून होणाऱ्या वादांची त्यात वेगळी तरतूद करावी लागली. मोजमाप एकाच्याच हातात असले आणि दुसऱ्याजवळ दाखवायला कागद नसला, की तूट नेहमी खालच्याच माणसाच्या अंगावर पडते. विडीच्या सुपात ते घडत होते, संगणकाच्या पडद्यावरही घडते.

कायदा या बाबतीत आपल्या रिवाजापेक्षा बराच न्यायी आहे. हाताळलेल्या रकमेत तूट आली तर पगारातून कापता येते, पण ती त्या माणसाच्याच हलगर्जीमुळे किंवा कसुरीमुळे थेट झाली असेल तरच, आणि त्याला आपले म्हणणे मांडायची संधी दिल्यानंतरच. १९३६ च्या वेतन कायद्यात ही अट होती. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिघांत वाटून कापणे या अटीत कुठे बसते ते प्रत्येक मालकाने स्वतःला विचारावे. दुसऱ्या बाजूला फौजदारी कायदा नोकराशी कडक वागतो. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. नोकराने मालकाच्या वस्तूची चोरी केली तर सात वर्षांपर्यंत. विश्वास मोडला म्हणून शिक्षा जास्त. ज्या आरोपाला सात वर्षांची शिक्षा आहे तो अंदाजाने करू नये, एवढे तर खरे?

म्हणून प्रत्येकाला स्वतःचे खाते आणि स्वतःचा पासवर्ड असणे हा मला नोकराचा अपमान वाटत नाही, त्याचा हक्क वाटतो. त्याच्या नावापुढे त्याने केलेल्याच नोंदी असतील. शक्य असेल तर पाळी बदलताना गल्लाही बदलावा; येणाऱ्याने किती रक्कम घेऊन सुरुवात केली, जाणाऱ्याने किती सोडली, यावर दोघांची सही असावी. पंधराशे कमी निघाले त्या रात्री त्या नव्या मुलीला मालकाच्या दयेची गरज पडणार नाही. "माझ्या पाळीचा हिशेब बघा," एवढे ती म्हणू शकेल. बंधन घातल्याने तिचे काही गेले असेल तर ती गेली फक्त बिल रद्द करण्याची मुभा. त्याच्या बदल्यात तिला एक साक्षीदार मिळाला, आणि परक्या गावात एकट्या मुलीला साक्षीदार मिळणे ही लहान गोष्ट नाही.

अर्थात हे तेव्हाच खरे ठरते जेव्हा कुलूप मालकालाही लागते. ही गोष्ट मालकांना आवडत नाही. गल्ला कमी निघण्याचे एक अगदी साधे कारण हिशेबनीसांना चांगले माहीत आहे. दुपारी मालक येतो, भाजीला, पेट्रोलला किंवा मुलाच्या शिकवणीच्या फीला पाचशेच्या दोन नोटा उचलतो आणि चिठ्ठी टाकायला विसरतो. स्वतःच्याच पैशाची कसली नोंद? पैसा त्याचा आहे, बरोबर. पण हिशेब त्या क्षणी दुसऱ्याच्या नावावर चालू आहे. नोंद न करता उचललेली नोट रात्री कुणाच्या तरी इमानावरचा डाग होऊन निघते. मालकाचेही स्वतःचे खाते असावे, त्याने उचललेली रक्कमही त्याच्या नावाने लिहिली जावी, आणि त्याने बदललेल्या बिलावरही कुणी, कधी, काय बदलले ते राहावे. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र सरकारने कंपन्यांना असाच नियम घातला: हिशेबातल्या प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारा, आणि ती नोंद बंद करता न येणारा प्रोग्रामच वापरायचा. आपली बहुतेक दुकाने कंपन्या नाहीत, त्यांना हा नियम लागू नाही. पण ज्या मालकाला आपली नोंद राहिलेली चालत नाही, त्याने नोकराच्या नोंदीचा आग्रह धरताना जरा चाचरावे.

मोठ्या ठिकाणी काय होते ते २०१८ साली मुंबईत दिसले. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेतून परदेशी बँकांना हमीचे संदेश जात राहिले आणि त्यांची नोंद बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत होतच नव्हती. दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. फेब्रुवारीत बँकेने सांगितलेला आकडा ११,००० कोटींच्या वर होता. करणारा एक आणि तपासणारा दुसरा, ही बँकांतली जुनी पद्धत त्या शाखेत कागदावर होतीच. पण वरचे लोक आपल्यातले आहेत, त्यांना काय विचारायचे, असे एकदा ठरले की कुलूप नुसते शोभेला उरते.

आपल्या घरचेही उदाहरण आहे. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असा ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेचा दंडक आहे. त्यामुळे फादरांवर अविश्वास दाखवला असे कुणी म्हणत नाही. संत पौलानेही असेच केले होते. यरुशलेममधल्या गरिबांसाठी मंडळ्यांनी वर्गणी जमवली तेव्हा ती त्याने एकट्याने नेली नाही. तीताबरोबर आणखी दोघांना पाठवले, आणि करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात कारणही स्पष्ट सांगितले: एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये, देवासमोर आणि माणसांसमोरही व्यवहार चोख असावा. पौलाला स्वतःच्या प्रामाणिकपणाची शंका होती असे कोण म्हणेल?

यहूदाचे उदाहरण मात्र जपून वापरावे. योहानच्या शुभवर्तमानात तो सामाईक थैली सांभाळत असे आणि तिच्यातले पैसे काढत असे, असे लिहिले आहे. थैली प्रभूने त्याच्याकडे राहू दिली, म्हणून आपणही डोळे मिटून गल्ला सोपवावा, असे काही जण सांगतात. उलट दुसरे काही जण प्रत्येक नोकरात यहूदाच पाहतात. मला दोन्ही टोके चुकीची वाटतात. हृदये ओळखणाऱ्याने केलेली गोष्ट आपल्यासारख्यांनी दुकानाचा नियम म्हणून घेऊ नये.

कुलपाची आणखी एक वाईट बाजू आहे. ते इतके घट्ट असू शकते की माणूस कळसूत्री बाहुली होतो. सकाळी घेतलेला बल्ब पेटत नाही म्हणून एक म्हातारे काका परत घेऊन येतात. मुलाला दिसते की बल्ब खराब आहे. पण परतीचा पासवर्ड सेठकडे, आणि सेठ बालाघाटला लग्नाला गेलेले. "उद्या या बाबा." काका पुन्हा आठ किलोमीटर सायकल मारणार. इथे कुलपाने चोरी थांबवली नाही, चांगुलपणा थांबवला. पोप पायस अकरावे यांनी १९३१ मध्ये समाजरचनेबद्दल एक तत्त्व मांडले होते: जे काम खालच्या माणसाला नीट करता येते ते वरच्याने स्वतःकडे ओढून घेऊ नये. ते सांगितले होते राज्य आणि समाज यांच्याविषयी, पण दुकानालाही ते छान लागू पडते. दोनशे रुपयांपर्यंतचा माल परत घ्यायचा अधिकार त्या मुलाला, त्याच्या नावाच्या नोंदीसह, देऊन टाकायला काय हरकत आहे? वर्षभर नीट वापरला तर पाचशेपर्यंत. कुलूप हळूहळू सैल होत गेले पाहिजे. दहा वर्षांच्या नोकराला पहिल्या दिवसाएवढेच अधिकार असतील, तर तिथे अपमान झाला आहे असे मीही म्हणेन.

काही गोष्टी नव्या साधनांनी आपोआप सुटल्या. २०१६ मध्ये यूपीआय आले, आणि सुरुवातीला काउंटरवरच्या मुलांची मोठी पंचाईत झाली. पैसे मालकाच्या बँकेत जमा होणार, संदेश मालकाच्या फोनवर येणार, आणि मुलाने विश्वास ठेवायचा तो गिऱ्हाइकाने दाखवलेल्या पडद्यावर. पडदा खोटा निघाला की भुर्दंड मुलाला. मग आवाज करणारी छोटी पेटी आली. किती रुपये मिळाले ते ती मोठ्याने सांगते. मालक ऐकतो, मुलगा ऐकतो, गिऱ्हाईकही ऐकते. बँकेतली एकूण शिल्लक मात्र ती कुणालाच सांगत नाही. ज्याला जेवढे कळायला हवे तेवढे, आणि सगळ्यांना एकदमच. जुन्या यंत्राची घंटा मालकाने नोकरावर कान ठेवावा म्हणून वाजायची. ही पेटी नोकराच्याही बाजूने बोलते.

राहता राहिली एक गोष्ट, ती दुकानांत हमखास राहून जाते. लूकच्या सोळाव्या अध्यायातला अन्यायी कारभारी सगळ्यांना माहीत आहे. त्याचा अर्थ लावताना उपदेशकांची दमछाक होते, ते त्यांच्यावर सोडू. पण दुकानदाराच्या नजरेने वाचले तर एक तपशील दिसतो. मालकाने त्याला हिशेब मागितला, काम काढून घेणार म्हणून सांगितले, आणि तरी कर्जाचे कागद त्याच्याच हाती राहू दिले. त्याने लगेच शंभर मापे तेलाची पन्नास करायला लावली, शंभर गव्हाची ऐंशी. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. माणूस काम सोडून जातो आणि त्याचे खाते संगणकात तसेच राहते. नव्या मुलाला नवे खाते कोण उघडून देणार, म्हणून त्याला तेच वापरायला सांगतात. जुना मुलगा आता नागपुरात दुसऱ्या दुकानात आहे, आणि इकडे गोंदियात त्याच्या नावाने बिले निघत आहेत, रद्द होत आहेत. वर्षाने तूट सापडली तर कागदावर नाव त्याचे. माणूस सोडून जातो त्या संध्याकाळी, तो समोर असतानाच, त्याचे खाते बंद करावे आणि शेवटच्या दिवसाच्या मोजणीची प्रत सही करून त्याच्या हातात द्यावी. पाच मिनिटांचे काम आहे.